‘ज्योतिष’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार. ध्वनीवरून मोठ्या नद्यांतला तरंगता गाळ कसा मोजतात, या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत: “हे ज्योतिष आहे. बारीक गाळ भरपूर की जाड वाळू थोडी, हे यंत्राला कळत नाही. बाटलीत पाणी घ्या, गाळून वाळवा, तोला. आणि उजनीनंतर भीमेत गाळ उरलाय कुठे?”

चूक आधी कबूल करतो. यंत्र ‘नदीचा आवाज ऐकतं’ असं मी लिहिलं होतं. ते स्वतः ध्वनी सोडतं आणि कणांवर आदळून परतणारा प्रतिध्वनी मोजतं. वाक्य दुरुस्त केलंय.

पण ज्योतिष? हा शब्द दोन दिवस टोचतोय. भाकीत खरं की खोटं हे बघायला कुठला ज्योतिषी स्वतःहून बाटली घेऊन पाण्यात उतरतो? इथे त्याच जागी, त्याच वेळी घेतलेल्या नमुन्यांवरूनच प्रतिध्वनी आणि गाळ यांचं गणित बसवतात. ध्वनी अंतराबरोबर पसरतो, पाणी तो शोषतं, गाळही शोषतो. ही सगळी घट आधी हिशोबात धरावी लागते. ब्राझीलमधल्या ओबिदोस गावाजवळ ॲमेझॉन साधारण २ किलोमीटर रुंद आणि ५० मीटरहून खोल आहे. तिथे बाटल्या बुडवून बुडवून किती ठिकाणी बुडवणार? नाव एका काठावरून दुसऱ्या काठाला जाईतो यंत्र अख्खा काटछेद टिपतं.

आणि बाटलीची थोरवी मला सांगू नका. माझे वडील नोकरीत भीमेचे नमुने घ्यायचे, शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्या नावेत बसलोय. पूर चढला की नाव काठाला बांधायची आणि बाटली काठालगतच बुडवायची. मधल्या धारेचा गाळ वहीत आलाच नाही. एका पुरात तेही जमलं नाही, तर वरिष्ठांनी आदल्या आठवड्याचाच आकडा पुढे लिहायला लावला. त्या रात्री वडील जेवले नाहीत. आपण घरात बसून ‘ज्योतिष’ लिहून मोकळे झालात.

बारीक-जाडचं म्हणाल, तर ६०० आणि १२०० किलोहर्ट्झ अशा दोन वारंवारता एकत्र वापरतात. कणाच्या आकाराप्रमाणे दोन्हींचे प्रतिध्वनी वेगळे येतात. लेखाच्या शेवटी हे होतं. तिथवर आपण पोचला नसावात.

राहिली उजनी. नीरा आणि सीना दोघीही धरणाच्या खालीच भीमेला मिळतात. भर पावसाळ्यात वडकबाळच्या पुलावर उभं राहून सीनेचं गढूळ पाणी बघा, मग बोलू.