"डॉक्टर तर फुफ्फुसात टाल्क घालतात" म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की टाल्कम पावडरीत असतो तो टाल्क म्हणजे नुसता दगडाचा चुरा, शरीर त्याला रिअ‍ॅक्शनच देत नाही, औषधाच्या गोळ्यांत असतो, डॉक्टर तर थेट फुफ्फुसात घालतात, तेव्हा बाळाला पावडर बिनधास्त थापा. तान्ह्या बाळांचा प्रश्न आहे म्हणून लिहितेय.

"गोळीत असतो." असतो की. पोटात गेला की विरघळत नाही, शीवाटे बाहेर पडतो. पण तीच गोळी कुटून पाण्यात कालवून नशेसाठी शिरेत टोचणारे लोक असतात, त्यांच्या फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांत हे कण अडकतात, भोवती पेशी जमून गाठी धरतात आणि पुढे श्वास पुरेनासा होतो.

"फुफ्फुसात घालतात." फुफ्फुसात नाही हो! फुफ्फुसाभोवती दोन पातळ आवरणं असतात, त्यांच्या मधल्या जागेत. कॅन्सरच्या काही पेशंटच्या छातीत सारखं पाणी भरतं, ते काढून तिथे साधारण 4 ग्रॅम निर्जंतुक टाल्क सोडतात, का, तर आवरणांना सूज येऊन ती एकमेकांना कायमची चिकटावीत आणि पाण्याला जागाच उरू नये. पेशंटला ताप येतो, छाती दुखते. म्हणजे शरीर रिअ‍ॅक्शन देतं म्हणूनच तर वापरतात! त्यातही अगदी बारीक कण काढलेला टाल्क बरा, कारण बारीक कण रक्तात शिरून बाकीच्या फुफ्फुसालाही सूज आणू शकतात.

"रिअ‍ॅक्शनच नाही." पूर्वी सर्जनच्या ग्लोव्ह्जना टाल्क लावायचे, तो पोटात सांडून आतडी चिकटायची, गाठी व्हायच्या. मग मक्याचा स्टार्च आला, त्यानेही तेच, शेवटी 2016 मध्ये अमेरिकेने पावडरवाल्या ग्लोव्ह्जवर बंदी जाहीर केली.

"बाळाला थापा." धड कातडीवर टाल्क वरच राहतो, मान्य, पण रॅशने सोललेल्या जागी नको. आणि मुख्य भीती श्वासाची. लंगोट बदलताना बाळ चुळबुळ करतं म्हणून डबा त्याच्याच हातात देतात, झाकण सैल असलं की सगळी पावडर नाकातोंडात. असं होऊन बाळं दगावलेली आहेत. सुरुवातीला नुसता खोकला येतो, बाळ हसतं-खेळतं, आणि काही तासांनी दम लागतो, म्हणून असं झालं तर वाट न बघता लगेच हॉस्पिटलला न्या.