पर्ल हार्बरची ती क्रेन

अमेरिकन नौदलाचा इतिहास निघाला की गाडी मिडवेच्या १९४२ मधल्या लढाईवर येऊन थांबते. माझ्या मते त्याच मानाने १९४३ सालच्या एका क्रेनचंही नाव घ्यायला हवं.

मार्क १४ हा त्यांच्या पाणबुड्यांचा मुख्य टॉर्पेडो. एकाची किंमत सुमारे १० हजार डॉलर, म्हणून शांततेच्या काळात खऱ्या स्फोटाच्या चाचण्या करायला हात आखडला. युद्धात त्याची किंमत खलाशांनी मोजली. नेम चुकतो, असं म्हणून दोष मात्र कप्तानांच्या माथी मारला गेला.

जून १९४२ मध्ये ॲडमिरल लॉकवुड यांनी ऑस्ट्रेलियात अल्बनीजवळ समुद्रात जाळं सोडून त्यावर टॉर्पेडो मारायला लावले. १० फुटांवर लावलेल्या टॉर्पेडोने २५ फुटांवर जाळं फाडलं! खोली जोखणारी यंत्रणा निमुळत्या शेपटीकडे होती. वेगात तिथे पाण्याचा दाब कमी भरतो. यंत्रणेला वाटे आपण वर आहोत, की चालली आणखी खाली. जहाजाच्या चुंबकीय प्रभावाने टॉर्पेडो फोडणारी चुंबकीय यंत्रणा वेळेआधीच चालायची, ती पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख निमिट्झ यांनी जून १९४३ मध्ये बंद करायला लावलं.

तरी एक दोष उरलाच होता. जुलैत ‘टिनोसा’ पाणबुडीने ‘तोनान मारू ३’ या जपानी जहाजावर १५ टॉर्पेडो सोडले. तिरपे लागलेले फुटले आणि जहाज जागच्या जागी थांबलं. मग उभ्या जहाजावर अगदी काटकोनात, पुस्तकात सांगतात तसा नेम धरला, तर एकामागून एक फुसके! कप्तान डॅस्पिट यांनी सोळावा टॉर्पेडो तपासणीसाठी परत आणला, हे त्यांचं शहाणपण मला फार मोठं वाटतं.

पर्ल हार्बरला मग स्फोटकं काढलेली टॉर्पेडोची डोकी क्रेनने ९० फुटांवरून पोलादी पत्र्यावर टाकली. सरळ आपटलेल्या डोक्यांपैकी सुमारे ७० टक्के निकामी. पत्रा ४५ अंशांत कलता केला की निकामी होण्याचं प्रमाण निम्म्यावर. टोला मारून स्फोट सुरू करणारी फायरिंग पिन टॉर्पेडोच्या दिशेला आडवी सरके. ४६ नॉटच्या वेगाने समोरासमोर धडक बसली की ती मार्गदर्शक दांड्यांवर इतकी दाबली जाई, की घर्षणाने अडकायची. टोला बसायचा, पण स्फोटाची ठिणगी देणारी टोपी पेटवण्याइतका जोर त्यात उरत नसे.

उपाय निघाला तो साधा: पिनेचे भाग हलक्या मिश्रधातूचे केले. वजन घटलं, घर्षण घटलं. सुधारलेले टॉर्पेडो घेऊन पाणबुड्या सप्टेंबर १९४३ मध्ये निघाल्या. तोवर अमेरिका युद्धात उतरून २१ महिने झाले होते.