चुका काढा, पण इंग्रजीतच

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तात्यांनी जुना स्नेही गमावल्याची बातमी इंग्रजीतून टाकली आणि 'लूझ'मध्ये एक ओ जास्त पडला, तर श्रद्धांजलीची घाई करू नका. आधी चांदणी काढून शुद्ध स्पेलिंग पाठवा. गेलेला माणूस कुठे पळून जात नाही.

एक धोका मात्र ओळखून असा: देवनागरी. आपल्या लिपीत कोपऱ्यावरच्या दुकानातली स्टेशनरी आणि सिग्नलला खोळंबलेली स्टेशनरी गाडी एकच दिसते. 'इट्स'ला अपॉस्ट्रॉफी लावायला जागाच नाही. उद्या सगळे असंच लिहू लागले तर तुमचं दुकान बसलं! बरं, दोन्ही स्टेशनरी निघाल्या एकाच घरातून. फेरीवाल्यासारखं न हिंडता एका जागी पुस्तकांचं दुकान मांडून बसायचा, तो स्टेशनर. हे कुणाजवळ बोलू नका.

भाची 'लिटरली मेले' म्हणाली, तर 'मग बोलतेयस कशी?' असं विचारा. स्वतः मात्र 'लोकलच्या गर्दीत अक्षरशः जीव गेला' असं खुशाल सांगा. मराठीला सगळं चालतं.

आणि मूळ अर्थाचा आग्रह सोडू नका. 'डेसिमेट' म्हणजे दहांतला एक मारणं, ही रोमन सैन्यातली शिक्षा. अकरावा मेला की हरकत घ्या. फक्त फार खोल खणू नका. 'एप्रन' हा मुळात 'नेप्रन'. ऐकणाऱ्यांनी 'अ नेप्रन'मधला न आधीच्या 'अ'ला चिकटवून 'अ‍ॅन एप्रन' केला आणि तीच चूक आज शब्दकोशात ऐटीत बसली आहे. 'पीज' हे एकवचनच होतं. लोकांना ते अनेकवचन वाटलं आणि त्यांनी एकट्या वाटाण्यासाठी 'पी' घडवला. आपण 'एक चिप्स दे' म्हणतो तेव्हा तुम्ही कपाळावर हात मारता, ते वेगळं.

धीर खचला तर 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'वाल्या जोनाथन स्विफ्टला आठवा. 'मॉब' या तेव्हाच्या नव्या शब्दाला अडवायचा आपण वर्षानुवर्षं आटापिटा केला, असं त्याने 1710 साली लिहिलं. मॉब काही हटला नाही.

एवढं सगळं केल्यावर ग्रुपवर कुणीतरी तुम्हाला 'व्हेरी नाइस' म्हणेलच. 'नाइस' लॅटिनमधून निघाला तेव्हा त्याचा अर्थ होता 'अडाणी'. तुमच्या आग्रहाला मान देऊन निदान एकाने तरी शब्द मूळ अर्थाने वापरला, असं समजा आणि अंगठा दाखवा.