‘त्यांच्यापायी’ कोण मागे राहिलं? एका प्रतिक्रियेला उत्तर

निवृत्तीनंतर मी इथल्या मराठी शाळेत पोरांना गोष्ट मोठ्याने वाचून दाखवते, त्या वाचनाच्या तासाबद्दलच्या माझ्या लेखाखाली ‘एक बेळगावकर पालक’ या नावाने प्रतिक्रिया आली आहे. ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी जशीच्या तशी देते: “बाई, गोष्टी ऐकवून वाचन येत नसतं. आधी बाराखडी पक्की करा. वर्गातली निम्मी पोरं घरात कन्नड नाहीतर उर्दू बोलतात, त्यांच्यापायी आमची मागे राहतात. आणि कुणाला किती वाचता यायला लागलं याचे आकडे द्या, नाहीतर ही नुसती रिटायर बाईची हौस.”

हौस म्हटलंत, चालेल. पेन्शनीत हौस करायला अजून तरी बंदी नाही. बाराखडीचंही मान्य. ती पक्की हवीच, शाळेत ती रोज म्हणून घेतात, लेख त्याबद्दल नव्हता इतकंच. पण ‘त्यांच्यापायी’ असं जे तुम्ही सहज लिहून मोकळे झालात, ते मी सहज सोडणार नाही.

कारण ‘त्यांच्यापायी’मधली एक मी आहे. वडगावात आमच्या घरी माग होता, शहापुरी साड्या विणायचे, आणि चुलीपासून मागापर्यंत घरातलं सगळं बोलणं कन्नड. मराठी शाळा जवळ होती म्हणून मराठी शाळेत घातलं. पहिलीत मी ‘तो पुस्तक’ म्हटलं की वर्ग फिदीफिदी हसायचा. त्या हसणाऱ्यांपैकी माझ्यापायी कोण मागे राहिलं ते सांगाल का? पुढे सगळी नोकरी मी मराठी वाचायला शिकवण्यातच घालवली. तुमच्याच नात्यागोत्यात माझ्या हाताखालून गेलेलं कुणी निघेल, चौकशी करून बघा.

आता वर्गातलं. आपल्याकडे मराठी शाळेतही कन्नड शिकावं लागतं, २०१५ च्या कायद्याने तर पहिलीपासून ते सगळ्याच शाळांना लागू झालं. म्हणजे दोन लिप्या सगळ्यांच्याच वहीत, फक्त ‘त्यांच्या’ नाही. कन्नडात जोडाक्षरातलं दुसरं अक्षर सहसा खाली लोंबतं, देवनागरीत बहुतेकदा पहिलं अर्धं होऊन दुसऱ्याला चिकटतं. परवा तिसरीतल्या एका मुलीने ‘पुस्तक’ लिहिताना ‘स’ पूर्ण काढला आणि बारीकसा ‘त’ त्याच्या पायाशी नेऊन ठेवला. घर अस्सल मराठी, बरं का, आजोबा भजनात पेटी वाजवतात! चूक ती चूकच. पण ‘स’ आणि ‘त’ जोडून म्हणायचे हे तिला पक्कं कळलेलं होतं, जोडायची रीत तेवढी कन्नडच्या तासाची. शेजारच्या कन्नड घरातल्या पोराने तिचं रबर घेतलं, ‘स’चा उभा दंड खोडला आणि वही परत सरकवली. इथे कोण कुणाला मागे ओढत होतं?

उलटंही होतं, ते लपवत नाही. हेच पोर ‘चारा’ वाचताना ‘चार’मधला ‘च’ लावतं. मराठीत ‘च’ दोन आणि अक्षर एक. बाराखडी कितीही घोटा, हा फरक कागदावर दिसत नाही, कानावर पडावा लागतो. म्हणून मी गोष्ट मोठ्याने वाचते आणि पोरं ओळीखाली बोट फिरवत ऐकतात. याला तुम्ही ‘गोष्टी ऐकवणं’ म्हणता.

आणि तुमची, म्हणजे मराठी घरातली? एकाने बैलाचा अख्खा उतारा घडाघडा वाचला, मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही. मी विचारलं, बैलाने चारा का नाही खाल्ला रे? तो माझ्याकडे बघत राहिला, मग पुन्हा पहिल्या ओळीपासून घडाघडा सुरू. बाराखडी पक्की होती त्याची. २०२१ साली केंद्राने निपुण भारत अभियान आणलं, तेही तिसरीपर्यंत पोराला समजून वाचता यावं असंच सांगतं.

उर्दूचं तर सोडूनच द्या. दख्खनी, म्हणजे आपल्याकडची उर्दू, बोलणाऱ्या घरातल्या कित्येक पोरांची मराठी तुमच्या-माझ्यापेक्षा चुरचुरीत असते, गल्लीत उभं राहून ऐका. आकडे शाळेकडे आहेत, सीआरपी, म्हणजे आसपासच्या शाळांवर नेमलेले साधनव्यक्ती, येऊन बघून जातात. पोरांचे गुण इथे टांगायची मला हौस नाही, बाकी हौसा तुम्ही मोजल्याच आहेत.

तास बुधवारी, बिसी ऊट, म्हणजे शाळेतलं दुपारचं जेवण, झाल्यावर. एसडीएमसीला, म्हणजे शाळेच्या समितीला, कळवून या आणि मागच्या रांगेत बसा. पुढची प्रतिक्रिया स्वतःच्या नावाने लिहिलीत तर उत्तरही एवढं लांबणार नाही.