‘अमेरिकन पिकअप चौदा टन वाहतो’: या फॉरवर्डचं काय करायचं?

पुणे-नाशिक रस्त्यावर भाजीची वाहतूक करणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. सोबत फोर्ड एफ-१५०चा चकचकीत फोटो. मजकुराचा गाभा असा: ‘अमेरिकेतला शेतकरी पाच लिटरच्या व्ही-८ पिकअपमध्ये एका खेपेला १४ टन माल नेतो. इंजिन जेवढं मोठं, तेवढा माल जास्त. हौदा आपल्या टेम्पोच्या दुप्पट. छोटी टर्बो इंजिनं ही निव्वळ फसवणूक. आपल्याला मात्र ८० हॉर्सपॉवरची खेळणी विकतात. ही गाडी पुण्यात आली तर मंचर ते मार्केट यार्ड तीन खेपांचं काम एका खेपेत होईल. पुढे पाठवा.’

पुढे पाठवणाऱ्यांत गाडीतलं चांगलं कळणारी माणसं आहेत, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं. फॉरवर्डच्याच क्रमाने जाऊ.

पहिलं, १४ टन. हा आकडा कुठून आला असेल ते कळायला फार शोधावं लागत नाही. २०२१च्या एफ-१५०ची जास्तीत जास्त ‘टोइंग’ क्षमता १४,००० पौंड आहे. पौंडाचे किलो करायचे राहिले आणि १४,०००चे सरळ १४ टन झाले. प्रत्यक्षात ते होतात ६,३५० किलो. तेही हौद्यातले नाहीत. मागे हुकाला जोडलेल्या, स्वतःची चाकं आणि स्वतःचे ब्रेक असलेल्या ट्रेलरचे. बैल गाडीला जुंपून जेवढं ओढतो तेवढं कोणी त्याच्या पाठीवर लादत नाही; इथे नेमका तोच घोटाळा झालाय.

पाठीवरचा आकडा, म्हणजे आपण ज्याला पासिंग म्हणतो त्याच्या जवळ जाणारा, वेगळा असतो. त्याच एफ-१५०चा सर्वाधिक पेलोड ३,३२५ पौंड, म्हणजे सुमारे १,५०८ किलो. हा आकडाही सगळ्या एफ-१५०ना लागू नाही. दोन दारांची केबिन, आठ फुटी हौदा आणि जड मालासाठीचं खास पॅकेज घेतलं तरच तो मिळतो. फोटोतली चार दारांची, मोठ्या चाकांची, आत चामड्याच्या सीट असलेली गाडी त्याहून बराच कमी माल घेते, कारण केबिन, सीट, चारचाकी ड्राइव्ह या सगळ्याचं वजन पेलोडमधूनच वजा होतं. गाडीला पेलवणाऱ्या एकूण वजनातून तिचं स्वतःचं वजन काढलं की जे उरतं तो पेलोड, आणि त्यात माणसंही धरायची.

आता शेजारी आपली गाडी ठेवा. बोलेरो मॅक्स पिकअपचं एचडी २.० मॉडेल: पेलोड २,००० किलो. टाटा योद्धा २.०: तेवढाच. २० किलोचा एक धरला तर टोमॅटोचे १०० क्रेट. नारायणगावहून निघालेली ही ‘खेळणी’ कागदावरसुद्धा एफ-१५०च्या सगळ्यात दणकट रूपापेक्षा पाव टनाहून जास्तच, जवळजवळ अर्धा टन अधिक माल घेऊन मार्केट यार्डात उतरतात. (कागदावर नसलेलं किती भरतात, ते तुम्हाला-मला माहीत आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे त्याला २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० आहेत, एवढंच आठवण म्हणून.)

तिकडे खरोखर जड वाहणारे पिकअप नाहीत असं नाही. २०२३च्या फोर्ड एफ-३५०ला मागे जोडचाकं घेतली की ८,००० पौंडांपर्यंत, साडेतीन टनांच्या वर पेलोड मिळतो. पण ती वेगळी, जड जातीची गाडी. फोटोतली नव्हे.

दुसरा मुद्दा सगळ्यात रुजलेला आहे: इंजिन मोठं तर माल जास्त. तो दोन ठिकाणी चुकतो.

एक तर लिटरवरून जोर कळत नाही. २०२१च्या एफ-१५०ला सहा पर्याय होते. पाच लिटरचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) ४०० हॉर्सपॉवर आणि ४१० पौंड-फूट टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, द्यायचं, म्हणजे साधारण ५५६ न्यूटन-मीटर. साडेतीन लिटरचं टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारं) व्ही-६ तेवढीच हॉर्सपॉवर देऊन ६७८ न्यूटन-मीटर. त्याच व्ही-६ला विजेच्या मोटरची जोड दिलेलं हायब्रिड ४३० हॉर्सपॉवर आणि ७७३ न्यूटन-मीटर. आणि २.७ लिटरचं, व्ही-८च्या जेमतेम निम्म्या आकाराचं टर्बो ५४२ न्यूटन-मीटर, म्हणजे व्ही-८च्या हाकेच्या अंतरावर. शेवरोले सिल्व्हराडो १५००मध्ये तर २.७ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो ४३० पौंड-फूट देतं आणि ५.३ लिटरचं व्ही-८ ३८३. चार सिलिंडर आठांना टॉर्कमध्ये मागे टाकतात.

दुसरं जास्त महत्त्वाचं. माल इंजिनावर बसत नाही. तो बसतो मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर, एक्सलवर, टायरवर आणि चेसिसवर. कुठल्याही भोसरीच्या पाटेवाल्याला विचारा, गाडी ‘बसते’ ती इंजिनामुळे बसते का? याचा पुरावा फोर्डच्याच आकड्यांत आहे. त्या यादीत सगळ्यात जास्त टॉर्क असलेल्या हायब्रिडचा कमाल पेलोड फक्त २,१२० पौंड, ९६२ किलो आहे. बॅटरी आणि मोटर त्यांचं वजन घेऊन येतात. जोर वाढला आणि माल कमी झाला.

ओढण्याचाही हिशेब इथे येऊन अडकतो, आणि तो करून बघण्यासारखा आहे. ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भाग हुकावर दाबतो आणि तो पेलोडमध्ये धरतात. समजा हायब्रिडला पाच टनांचा ट्रेलर लावला. हुकावर किमान ५०० किलो. ९६२तून उरले ४६२. आत ७५ किलोची पाच माणसं बसली, ३७५ गेले. हौद्यासाठी राहिले ८७ किलो. सिमेंटची दुसरी गोणी ठेवायला जागा भरपूर आहे, परवानगी नाही. आणि हा कमाल आकड्यावरचा हिशेब. गाडीच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर त्या विशिष्ट गाडीचा आकडा याहून कमीच निघण्याची शक्यता जास्त.

तिसरा मुद्दा हौद्याचा. ‘दुप्पट’ हे फोटो बघून सुचलेलं असावं, कारण बाहेरून ती गाडी खरंच अवाढव्य दिसते. पण लांबीतला मोठा भाग बॉनेट आणि चार दारांची केबिन खाते. चार दारांच्या एफ-१५०ची एकूण लांबी ५.८ मीटरच्या वर, आणि नेहमी विकला जाणारा हौदा साडेपाच फुटी. बोलेरो मॅक्सच्या मोठ्या हौद्याची लांबी ३,०५० मिलिमीटर, दहा फूट. एफ-१५०चा सगळ्यात लांब हौदाही आठ फुटीच.

घनफळ बांधकामवाल्यांच्या भाषेत सांगतो. साडेपाच फुटी हौद्यात ५२.८ घनफूट मावतं, आठ फुटीत ७७.४. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे एक हौदा अर्ध्या ब्रासचा आणि दुसरा पाऊण ब्रासचा. अर्धा ब्रास कोरडी वाळू सव्वादोन टनांच्या आसपास भरते. पेलोड दीड टन, तोही सगळ्यात दणकट रूपाचा. म्हणजे साडेपाच फुटी हौदासुद्धा वाळूने काठोकाठ भरायची सोय नाही. उलट मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या असतील तर वजन गाठायच्या आधीच हौदा भरेल. म्हणून ‘हौदा केवढा’ आणि ‘माल किती’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि उत्तर मालागणिक बदलतं.

शिवाय आकार. अमेरिकन हौद्यात चाकांचे फुगवटे आत आलेले असतात. एफ-१५०मध्ये दोन फुगवट्यांमध्ये ५०.६ इंच मोकळे मिळतात. हे मात्र विचार करून ठेवलेलं माप आहे: प्लायवूडचा चार फुटी बोर्ड मधोमध सपाट बसतो. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्येही बोर्ड आठ बाय चारचाच, पण साडेपाच फुटी हौद्यात तो फाळका उघडा ठेवूनच न्यावा लागतो. आपल्या टेम्पोचा हौदा चाकांच्या वर, सपाट. तो उंचावर असतो, त्यामुळे हमालाला जास्त उचलावं लागतं, हे खरं. पण बाजूचे फाळके पडतात आणि तीन बाजूंनी माल उतरतो. अमेरिकन हौद्याच्या बाजू घट्ट, वाट फक्त मागून. सत्तर-ऐंशी क्रेट मागच्या एका तोंडातून काढून दाखवा आणि मग हमाली ठरवा.

टर्बो म्हणजे फसवणूक, या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करतो. छोटं टर्बो इंजिन रिकाम्या गाडीत तेल वाचवतं. मागे मोठा ट्रेलर लागला की तो फायदा बराचसा विरतो. गुंतागुंतही जास्त. टोयोटाने २०२२च्या टुंड्रा पिकअपमध्ये ५.७ लिटरचं व्ही-८ काढून टर्बो व्ही-६ आणलं आणि २०२४ साली यंत्रकामातला कचरा इंजिनात राहिल्यामुळे एक लाखाहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. फॉरवर्डवाले इथे टाळी वाजवतील. पण पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सने सुमारे सात लाख गाड्या परत बोलवल्या, आणि त्यांतलं इंजिन होतं ६.२ लिटरचं, बिनटर्बोचं, व्ही-८. बेअरिंग आणि क्रँकशाफ्टचा दोष सिलिंडर मोजून येत नाही. रॅम या अमेरिकन कंपनीने २०२५मध्ये आपल्या ‘१५००’ पिकअपमधून व्ही-८ काढलं आणि २०२६च्या मॉडेलला परत दिलं. परत आलेल्या त्या व्ही-८ची, ‘हेमी’ची, हॉर्सपॉवर ३९५. त्याच गाडीतलं तीन लिटरचं टर्बो ४२० देतं. लोकांना आवाज हवा होता, सवय हवी होती. त्यात वाईट काही नाही, फक्त मालाशी त्याचा संबंध नाही.

मग ८० हॉर्सपॉवर पुरते का? गणित करू. गाडी आणि माल मिळून साडेतीन टन, सहा टक्के चढ, वेग ताशी ४० किलोमीटर. चाकांवर साधारण २९ किलोवॉट लागतात. बोलेरो मॅक्सचं इंजिन ५९.७ किलोवॉटचं आहे. गिअरबॉक्समध्ये काही वाया गेलं तरी चढ निघतो. आता तोच चढ, पण मागे पाच टनांचा ट्रेलर, एकूण साडेसात टन आणि वेग ताशी १००. वाऱ्याचा विरोध सोडूनही १५० किलोवॉटच्या वर जातं. ४०० हॉर्सपॉवर यासाठी आहे: रुंद हायवेवर ट्रेलर ओढताना वेग पडू नये म्हणून. चाकणच्या चौकात संध्याकाळी सहाला त्या ४००चं काय करायचं, हे फॉरवर्ड सांगत नाही.

‘पुण्यात आली तर’ हा मुद्दा लवकर संपतो. अमेरिकेतली एफ-१५० डाव्या स्टिअरिंगची, आणि आपल्या आयात नियमांना उजवं लागतं. आरसे धरून तिची रुंदी २.४ मीटर, ती बोहरी आळीत एकदा शिरली तर त्या दिवशी दुसरं कोणी शिरायला नको. मोठ्या इंजिनाचा पिकअप पुण्यात मिळतच नाही असंही नाही. टोयोटा हायलक्स आहे, २.८ लिटर, ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन-मीटर. ती लोणावळ्याच्या रस्त्यावर दिसते, मार्केट यार्डाच्या कांद्याच्या गाळ्यासमोर दिसत नाही.

एक तक्रार मात्र या फॉरवर्डमध्ये असायला हवी होती आणि ती सुटली: केबिन. अमेरिकन पिकअपचा ड्रायव्हर एसीत, एअरबॅगच्या आड बसतो. आपल्याकडे २०२५ साली नव्याने बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, पण तो एन-२ आणि एन-३ गटांना, म्हणजे एकूण वजन साडेतीन टनांच्या वर असलेल्यांना. मंचरहून पहाटे निघून दुपारच्या उन्हात रिकामा परतणारा, एकूण वजन साडेतीन टनांच्या आतला पिकअप एन-१मध्ये मोडतो.