कोकणातला ब्लड कॅन्सर आणि वाडीतली मोजणी

‘जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पामुळे कोकणात ब्लड कॅन्सर वाढला आहे, आमच्या एका वाडीत तीन रुग्ण आहेत, आणि त्यातून कोणी वाचत नाही, तेव्हा मुंबईच्या उपचारांसाठी जमीन विकू नका’ अशा आशयाचा मजकूर रत्नागिरी-सिंधुदुर्गात मोबाइलवरून फिरतो आहे.

जैतापूरचे उत्तर सोपे आहे. प्रकल्पाच्या जागेवर, माडबनच्या सड्यावर, अद्याप एकही अणुभट्टी उभी नाही. जी नाही तिच्यातून किरणोत्सर्ग होत नाही. प्रकल्पाला विरोधाची इतर कारणे असतील, ती वेगळी.

वाडीतल्या तीन रुग्णांचा मुद्दा मात्र नीट पाहायला हवा. कर्करोग नोंदणीत रुग्ण धरला जातो तो त्याच्या नेहमीच्या वास्तव्याच्या ठिकाणी, घराणे कुठले यावर नव्हे. वाडीतल्या मोजणीत मात्र पंचवीस वर्षे डोंबिवलीत राहून आजारपणात गावी आलेला चाकरमानी वाडीच्या रुग्णांत मोजला जातो, पण वाडीच्या लोकसंख्येत नसतो. रुग्णांना लोकसंख्येने भागले तर असा भागाकार फुगणारच. शिवाय २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, कारण कमावते पुरुष बाहेर आणि म्हातारी माणसे घरी. अॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया हा ब्लड कॅन्सरचा प्रकार उतारवयात अधिक होत असल्याने, वयाचा फरक काढून टाकल्याशिवाय अशा जिल्ह्याची तुलना ठाण्याशी करणे चूकच.

‘कोणी वाचत नाही’ हे सर्वांत घातक विधान आहे. लहान मुलांत प्रामुख्याने आढळणाऱ्या अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या प्रकारात, उपचार पूर्ण होतात अशा प्रगत देशांत सुमारे ९० टक्के मुले पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. उतारवयातल्या मायलॉइड प्रकारात हे प्रमाण बरेच कमी आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्याचाच प्रोमायलोसायटिक हा उपप्रकार, जो पूर्वी रक्तस्रावाने झटपट बळी घेई, आज ट्रेटिनॉइन आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड या औषधांनी बहुतांशी बरा होतो. मुलांतल्या लिम्फोब्लास्टिक प्रकाराचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. पहिल्या काही महिन्यांनंतर मूल खेळू लागते, शाळेत जाऊ लागते, आणि रोजच्या मर्कॅप्टोप्युरिनच्या गोळ्या व आठवड्याची मेथोट्रेक्सेटची मात्रा घरच्यांना नकोशी वाटू लागते. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयाच्या फेऱ्या इथेच थांबतात आणि आजार उलटतो. खर्चाचेच भय असेल, तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार समाविष्ट आहेत, हे त्या मजकुरात कुठेही नाही.