चिमूटभर पावडरीबद्दल, निनावी महोदयांना उत्तर

निनावी महोदय,

घरी बिअर करताना मॅशच्या (मोड आणून वाळवलेले जव, म्हणजे माल्ट, गरम पाण्यात भिजवण्याच्या) आणि स्पार्जच्या (ते भिजलेलं माल्ट धुण्याच्या) पाण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "लंडनच्या पाण्यावर शेकडो वर्षं बिअर होतेय काका, चिमूटभर पावडरी टाकून नवख्यांना घाबरवू नका. जिप्सम चमच्याने मोजता आणि स्पार्जच्या पाण्यात आम्ल घालायचं तर सांगतच नाही." (जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, त्या पावडरींतलीच एक.)

घाबरवतोय? मी? मुद्दा मांडायचा तर सरळ मांडा, शेजाऱ्याला दरडावल्यासारखं कशाला?

शेकडो वर्षं म्हणता ना, मग ती बिअर कुठली हेही सांगायचं होतं. लंडनचं नाव झालं ते पोर्टरसाठी, म्हणजे गडद बिअरसाठी. काळपट भाजलेलं माल्ट मुळात आम्लधर्मी. ते जड पाण्याची अल्कलिनिटी (आम्ल जिरवायची ताकद) खाऊन टाकतं आणि मॅशचा पीएच आपसूक ५.४ च्या आसपास येतो. त्याच पाण्यात नुसतं फिकट माल्ट घालून बघा, पीएच खाली उतरायचं नाव घेत नाही. फिकट एलचा, म्हणजे फिकट रंगाच्या बिअरचा, डंका वाजला तो इंग्लंडमधल्या, जिप्समच्या पाण्यावरच्या बर्टन गावाचा. लंडनच्या ट्रूमन ब्रुअरीने १८७३ साली बर्टनमध्ये ब्रुअरी घेतली, ती काय हवापालटाला?

आणि मी हे वाचून सांगत नाही. बारा वर्षं याच पाण्यावर करतोय, जे किटलीत महिन्याभरात पांढरा थर धरतं. पहिली बॅच तुमच्यासारखीच, थेट नळाची. बाटली उघडली तर दवाखान्याचा वास. पाणी निर्जंतुक करायला घालतात ते क्लोरामाइन, दुसरं काही नाही. ते घालवायला अर्धी कॅम्पडेन गोळी (सल्फाइटची) पुरली असती. २३ लिटर सिंकमध्ये ओतत होतो तेव्हा बायको दारात उभी होती आणि एक शब्द बोलली नाही. तुम्ही ओतलंय कधी? बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही हे माझ्या आईला पीएच न शिकता ठाऊक होतं. पाणी म्हणजे पाणी, असं ती कधी म्हणाली नाही.

चमच्याचं मान्य. जिप्सम तोलूनच घ्यावं, लेखात दुरुस्ती केली आहे.

स्पार्जचं म्हणाल तर १५ लिटरला ८० टक्क्यांचं लॅक्टिक आम्ल ६ मिलि मी घालतोच, नाहीतर शेवटी माल्टच्या सालपटांचा तुरटपणा उतरतो. बरेच जण घालतात. लिहायचं राहिलं, एवढंच.

आणि काका कोणाला म्हणता? माझं वय ४१ आहे.